काळभोर सापडत नाहीत

घुलेमामांचा फोन, सकाळी सव्वासातला.
"मॅडम, काळभोर सापडत नाहीत."

लोणीच्या दूध संस्थेत काळभोर न सापडणं
म्हणजे मार्केट यार्डात कांदा न सापडणं.
मी कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
एका हाताने गॅस बारीक केला,
दुसऱ्याने यादी उघडली.
कामठे, कालेकर,
काळभोर, काळभोर, काळभोर
(एकशे बारा जण)
मग कावरे, मग काशिद.

"आहेत की मामा. ल च्या पाठोपाठ."
"तिथं कशाला जातील ते?
ळ ह च्या पुढं असतो. शाळेत नाही शिकलात?"

शिकले होते.
तक्त्यावर सगळ्यात खाली एक रांगतं बाळ.
ळ पासून एकही शब्द सुरू होत नाही,
म्हणून चित्रही असं निवडलेलं
की अक्षर शेवटी यावं.

हा डेटाबेस आम्ही विकत घेतलेला नव्हता.
कुणाचाच नव्हता तो, म्हणजे ज्याने हात लावला त्याचा.
दार उघडं होतं, आत गेले.
चार हजार ओळींच्या फाइलमध्ये
अक्षरं तोलणारी जागा सापडली,
आणि तिच्यावर कुणीतरी लिहून ठेवलेलं:
इतर लिप्या नंतर बघू.
तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.

अकरा ओळी लिहिल्या. पाठवल्या.
उत्तर तार्तूहून. इल्मार म्हणून कुणी.
एकच शब्द: का?

का, हे सांगायला मला तीन पानं लागली.
कोशांची पानं फोटो काढून जोडली,
तक्त्यातलं बाळसुद्धा.
मध्येच बाणेरचा तन्मय ओक उगवला,
माझ्या घरापासून रिक्षाने अर्धा तास,
आजवर तोंड पाहिलेलं नाही.
"वेग चार टक्क्यांनी पडतोय," म्हणाला.
भांडलो. नीट, पुणेरी, मुद्देसूद भांडलो.
मग त्यानेच आपलं मशीन रात्रभर चालू ठेवलं
आणि सकाळी आकडा पाठवला: अर्धा टक्का.
खाली लिहिलं होतं, "माझंच मोजणं चुकलं होतं."
असं वाक्य मी या शहरात
फार वेळा ऐकलेलं नाही.

सातव्या आवृत्तीला इल्मारने लिहिलं:
आमचा झेड शेवटी नसतो,
एसच्या मागे बसतो, टीच्या आधी.
बाहेरचे लोक त्याला तळाशी शोधतात
आणि नाही म्हणून सांगतात.
तुमचं अक्षर मला कळलं. आता चाचणी पाठवा.

खऱ्या माणसांची नावं चाचणीत घालायची नसतात.
मी पाच शब्द घातले, अर्थ असो नसो:
काल, काव, काश, कास, काळ.
यंत्राने ते त्याच क्रमाने परत दिले पाहिजेत.
कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले.
जन्मभर मला वाटायचं,
काल आणि काळ शेजारी शेजारी राहतात.

रात्री पावणेतीनला आत घेतलं. "धन्यवाद," एवढंच.
नव्या आवृत्तीसोबत नावांची यादी निघाली,
तीनशेच्या वर माणसं, रोमन लिपीत.
माळवदकर, उत्तरा.
माझ्या आडनावातला ळ
तिथे साधा एल होऊन उभा आहे,
शाळेच्या फोटोत टोपी काढायला लावलेल्या मुलासारखा.

लोणीला नवी आवृत्ती चढवली सोमवारी.
मंगळवारी, सव्वासात.
"सापडले काळभोर. बरोबर जागेवर आहेत."
मी दुधाखालचा गॅस बारीक केला.
"पण मॅडम, ते क्षीरसागर?
मी शेवटी बघतोय. शेवटी नाहीत."

ते क मध्ये होते.
एका पॅचमध्ये एकच बदल, असा तिथला नियम आहे.

"मामा," म्हटलं, "तक्त्यात क्ष कुठे असतो?"
"ळ च्या नंतर," ते म्हणाले,
आणि जरा थांबून, "आमच्या तक्त्यात तरी."

दूध उतू गेलं.
मी फाइल उघडली.